थंडी, म्हातारपण आणि २१ हजारांचा दाखला

जालना जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला ऊन आठवते, टँकर आठवतात, फार तर मोसंबी आणि लोखंडाचे कारखाने आठवतात. इथल्या थंडीबद्दल कोणी बोलत नाही. आपण स्वतःही बोलत नाही. उन्हाळ्यात उष्माघाताच्या सूचना निघतात, दवाखान्यात वेगळी खाट ठेवली जाते. थंडीच्या बाबतीत मात्र वर्तमानपत्रात शेकोटीचा एक फोटो आला की विषय संपतो. पण गेली पंचवीस-सत्तावीस वर्षे मी या जिल्ह्यात सर्वसाधारण व्यवसाय करतो आहे आणि माझा अनुभव असा की, म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने मे महिन्याइतकेच डिसेंबर आणि जानेवारी हे महिने वाईट असतात. पारा १० अंशांच्या खाली उतरला की चार-सहा दिवसांत दम्याचे, छातीत कफ भरलेले, रक्तदाब चढलेले, एका अंगावरून वारे गेलेले म्हातारे रुग्ण येऊ लागतात. काही येतच नाहीत; त्यांची बातमी येते.

मागच्या एका जानेवारीतली गोष्ट सांगतो. अंबडच्या बाजूच्या एका तांड्यावरून एक आजीबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे. सोबत नऊ-दहा वर्षांची नात. मोठे माणूस कोणीच नाही, कारण लेक आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. आजींचा दम इतका लागलेला की एक वाक्य पुरे करताना दोनदा थांबत होत्या. आयुष्यभर चुलीपुढे बसून फुंकणीने धूर ओढलेला. फुफ्फुसे त्यानेच निकामी केलेली. वर पत्र्याचे घर. पत्रा रात्री किती गार पडतो हे ज्याने त्याखाली झोपून पाहिले आहे त्यालाच कळते. मी त्यांना सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे त्यांच्यावर चांगले उपचार झाले, एक पैसा घेतला गेला नाही. आठ दिवसांनी त्या बऱ्या होऊन, आभार मानायला म्हणून, पुन्हा माझ्याकडे आल्या.

मी विचारले, "आजी, पांघरायला काय आहे?"

"एक वाकळ हाय. ती पोरीला देते."

"आणि तुम्हाला निराधारचा पगार मिळत नाही का?" (आपल्याकडे श्रावणबाळ काय आणि संजय गांधी काय, सगळ्याला 'निराधारचा पगार' म्हणतात.)

तेव्हा कळले की अर्ज केला होता, पण उत्पन्नाचा दाखला जास्तीचा निघाला. लेकाने मुकादमाकडून घेतलेली उचल कोणीतरी घरचे उत्पन्न म्हणून धरली होती. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, लेक तिकडं कारखान्यावर, उचल मुकादमाच्या वहीत. कागदावर म्या श्रीमंत झाले."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. म्हणून या आठवड्यात औषधपाण्याचे थोडे बाजूला ठेवून, म्हाताऱ्या माणसांना द्यायची मदत उत्पन्न पाहून द्यावी की वय पाहून द्यावी, या वादावर लिहितो आहे. वाचक म्हणतील, हा विषय आमदारांचा, डॉक्टरचा नव्हे. पण ज्या कागदावर माझ्या रुग्णाचा हिवाळा ठरतो तो कागद मला तपासून पाहिलाच पाहिजे.

आधी शरीराचे सांगतो. थंडी लागली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. पण रक्तवाहिन्या आकसल्या की रक्तदाब वाढतो, रक्त किंचित दाट होते, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तरुण माणसाला हे जाणवतही नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला मात्र झटका येऊ शकतो किंवा मेंदूत रक्ताची गुठळी होऊ शकते. गार हवेने श्वासनलिकाही आवळतात. दमेकऱ्याची रात्र बसून जाते ती यामुळे. शिवाय तरुण माणूस कुडकुडतो आणि कुडकुडण्यातून, म्हणजे स्नायूंच्या हालचालीतून, ऊब तयार होते. म्हाताऱ्याचे स्नायू झिजलेले, पोटात अन्न कमी, आणि थंडीची जाणीवही बोथट झालेली. हातपाय गार पडलेले असतानाही तो "मला काही नाही झालं" म्हणतो, ते खोटे बोलत नसतो.

अंगाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेले तर बोलणे जड होते, गुंगी येते, माणूस काहीबाही बरळतो. घरचे लोक समजतात, वयाने भ्रम झाला. आणि आपल्या नेहमीच्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर आकडे सुरूच होतात ते ९४-९५ पासून. ताप मोजायला केलेले साधन ते, गारठा कसा मोजणार? त्यामुळे हे दुखणे कागदावर येतच नाही. खेड्यात म्हातारा पहाटे गेला की "वयच झालं होतं" म्हणतात.

थंडीने माणसे मरतात ती फक्त काश्मीर-हिमाचलात, असा आपला समज आहे. २०१५ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतील ७ कोटी ४० लाखांहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थायलंड, ब्राझील यांसारखे उष्ण देशही होते, आपला नव्हता. एकूण मृत्यूंपैकी थंडीशी निगडित मृत्यू ७.२९ टक्के आणि उष्णतेशी निगडित ०.४२ टक्के निघाले. आणि मोठा वाटा कडाक्याच्या थंडीचा नव्हता, बेताच्या थंडीचा होता. भारतातल्या मृत्यूंवरील २०१८ च्या एका अभ्यासातही बेताच्या थंडीचाच हात मोठा दिसला. याचा अर्थ उघड आहे. बर्फ पडणाऱ्या देशात घरे थंडीसाठी बांधलेली असतात. आपली घरे उन्हासाठी, वारा खेळावा म्हणून बांधलेली. पारा ९ वर गेला की तो वारा म्हाताऱ्याच्या अंगावर खेळतो.

आता आपल्या जिल्ह्यातील म्हातारी माणसे हिवाळ्यात कुठे असतात ते पाहा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. ती जातात दिवाळीनंतर आणि येतात उन्हाळ्यात. म्हणजे नेमक्या थंडीच्या दिवसांत गावात राहतात ते म्हातारे आणि शाळेत घातलेली नातवंडे. रात्री दम लागला तर गाडी बघायला कोणी नसते. दुसरीकडे, ज्यांच्याकडे दोन-चार एकर आहे त्यांच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवसही हेच. शेतीची वीज रात्रपाळीची असेल तर रात्री दोन वाजता दारे धरायला जावे लागते. तरुण मुलगा पुण्या-मुंबईला किंवा एमआयडीसीत कामाला. मग चिखलात अनवाणी उभा कोण राहतो? पासष्टीचा बाप. असे न्यूमोनिया मी दरवर्षी पाहतो.

या माणसांना मदत म्हणून सरकार काय देते? थंडीसाठी वेगळे काही नाही. वृद्धापकाळाचे मासिक अनुदान आहे, तेच काय ते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना १९८० साली आली. केंद्र सरकारची वृद्धापकाळ योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून; तेव्हा केंद्र महिना ७५ रुपये देत असे. आज ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे आणि तो जवळजवळ दोन दशके हललेला नाही. बाकीचे राज्य घालते. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत ६०० चे १००० झाले, २०२३ मध्ये १५०० झाले. ही वाढ चांगली झाली, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. महिन्याला १५०० म्हणजे चुलीऐवजी थोडा गॅस, अर्धा लिटर दूध, दम्याचा पंप आणि रक्तदाबाची गोळी. हिवाळ्यात याने खरोखर जीव वाचतात.

पण दारावर पाटी आहे: वय ६५ आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत, यादीत नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत.

वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या. २१ हजारांना १२ ने भागा. महिना १७५० रुपये. घरात म्हातारा, म्हातारी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे धरली तर माणशी दिवसाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी रोजी ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने शंभर दिवस हमीवर काम केले तरी ३१ हजार २०० होतात. म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेल्या किमान कामावर जाणाऱ्या मजुराची आई सरकारच्याच हिशेबाने मदतीला पात्र नाही! आणखी एक गंमत. १५०० रुपये दरमहा म्हणजे वर्षाला १८ हजार. घरात दोन म्हातारी माणसे असली तर नुसत्या अनुदानाचे ३६ हजार होतात. ज्या रेषेच्या आत राहण्याची अट, तीच रेषा मदतीच्या रकमेपेक्षा ठेंगणी.

मग इतक्या लोकांना अनुदान मिळते ते कसे? उत्तर सगळ्या गावाला ठाऊक आहे. २१ हजारांच्या आतला दाखला 'काढावा' लागतो. तलाठ्याचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) अहवाल, मग सेतू, मग तहसील. जो चार वेळा जाऊ शकतो, ज्याचा पुतण्या कार्यालयात ओळखीचा आहे, त्याचा दाखला निघतो. माझ्या माहितीत चांगल्या बागायतदार घरातल्या माणसाकडे असा दाखला आहे आणि त्या तांड्यावरच्या आजींकडे नाही. म्हणजे ही चाळणी गरिबी चाळत नाही. कागद मिळवण्याची ताकद चाळते. आणि सत्तरीच्या, दम लागणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाईकडे ती ताकद सगळ्यांत कमी असते.

एकदा मी स्वतः एका वृद्ध रुग्णासोबत अशाच एका कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही. त्यांच्याकडे जन्माचा पुरावा नव्हता. "डॉक्टर आहात, तुम्हीच वय लिहून द्या," असे ते मला गावाकडे म्हणत, पण खासगी डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालत नाही. सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला आणला. मग उत्पन्नाचा जुना झाला होता, तो नवा आणला. मग बँकेत अंगठा उमटेना. शेतात राबलेल्या माणसाच्या बोटावरच्या रेषा झिजतात, वयाने कातडी कोरडी पडते, आणि थंडीत तर ती आणखी सुकते. यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हेच! मी त्यांना सांगितले, बोटाला थोडे खोबरेल लावून, हात चोळून, पुसून मग ठेवा. तिसऱ्या वेळी उमटला. हे वैद्यकीय ज्ञान मला कॉलेजात शिकवले नव्हते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा तो वेगळाच.

बरे, सरकारला दुसरी मापे माहीत नाहीत असेही नाही. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली. रक्कम तीच, १५०० रुपये. वय २१ ते ६५. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. म्हणजे ६४ वर्षांच्या बाईला अडीच लाखांपर्यंत चालते. ती ६५ ओलांडते, गुडघे आणखी दुखू लागतात, मोतीबिंदू पिकतो, आणि तिच्यासाठी रेषा अडीच लाखांवरून २१ हजारांवर येते. त्याच बाईसाठी, त्याच १५०० साठी! वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा यांसाठी एकदाच ३००० मिळतात, तिथे मर्यादा दोन लाखांची. (त्या यादीत घोंगडीचे नाव नाही, असो.) एकाच राज्यात गरिबीची तीन मापे, आणि सर्वांत तोकडे माप सर्वांत थकलेल्या माणसासाठी.

आता विरुद्ध बाजू. तीही ऐकली पाहिजे, कारण मी स्वतः अनेक वर्षे त्याच बाजूचा होतो. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना पेन्शन आहे, घर पक्के आहे, मुलगा डॉक्टर आहे. अशा माणसाला सरकारने घोंगडीसाठी पैसे का द्यावेत? तिजोरी काही अक्षयपात्र नाही. सगळ्यांना थोडे थोडे वाटण्यापेक्षा खऱ्या गरजूला जास्त द्यावे, हे म्हणणे न्यायाचे आहे. घरात शहाणी बाई दूध कमी असेल तर आधी तान्ह्याला आणि आजाऱ्याला देते, तसेच हे.

पण त्या बाईला घरात कोण आजारी आहे हे डोळ्यांनी दिसते. सरकारला दिसत नाही. ते कागद मागते. आणि हा कागद कुटुंबाचे उत्पन्न सांगतो, म्हाताऱ्याच्या मुठीत काय आहे ते सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे. खाऊन-पिऊन सुखी घर. पण दम्याचा पंप संपला की मुलगा म्हणतो, "पुढच्या बाजारी आणू." पुढचा बाजार येतो, जातो. आजोबा मागत नाहीत. ज्या घरात आपला शब्द चालत होता त्या घरात तीनशे रुपये मागायला त्यांना लाज वाटते. थंडी पडली की दर वर्षी एकदा ते नेब्युलायझरच्या नळकांड्याला लागतात. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून पोटगी मागता येते, उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण या आजोबांना मी तो कायदा सांगितला तेव्हा ते उठूनच गेले. लेकावर अर्ज? गावात तोंड कसे दाखवायचे?

या घराला कोणत्याही मापाने मदत मिळणार नाही, आणि कागदाप्रमाणे ते बरोबरही आहे. पण माझ्या टेबलावर तपासताना त्या आजोबांची छाती आणि तांड्यावरच्या आजींची छाती सारखीच वाजते.

हाच वाद नुकताच विलायतेत मोठ्या हिरिरीने झाला. तिथे १९९७ पासून पेन्शनरांना हिवाळ्यात घर ऊबदार ठेवायला म्हणून वेगळी रक्कम मिळते. अलीकडे घरटी २०० पौंड, ८० च्या पुढच्यांना ३००. उत्पन्न विचारत नसत. लक्षाधीशालाही मिळे, त्यावर टीकाही होई. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी जाहीर केले की यापुढे ही रक्कम फक्त गरिबीची सवलत घेणाऱ्या पेन्शनरांनाच मिळेल. सुमारे एक कोटी लोकांचे नाव एका हिवाळ्यात गळाले. पैसा वाचला. पण त्यातून एक गोष्ट सगळ्या देशाला दिसली. ती गरिबीची सवलत ज्यांना मिळायला हवी होती अशा लाखो घरांनी तिचा अर्जच कधी केला नव्हता. लांबलचक अर्ज, लाज, माहिती नसणे, एकटेपण. म्हणजे चाळणी लावल्यावर श्रीमंतांबरोबर हे गरीबही खाली पडले. शिकलेला, संगणकावर चालणारा देश तो. तिथे ही गत, मग आपल्या तांड्यावर काय होत असेल?

जून २०२५ मध्ये त्या सरकारला माघार घ्यावी लागली. त्यांनी काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये आता रक्कम सगळ्या पेन्शनरांना द्यायची, आणि ज्याचे वार्षिक उत्पन्न ३५ हजार पौंडांच्या वर आहे त्याच्याकडून ती करातून परत घ्यायची. थंडी पडायच्या आधी कोणाला कागद मागायचा नाही. हिशेब नंतर, आणि तोही सुस्थितीतल्या माणसाशी. धावपळ गरिबाने करायची नाही, श्रीमंताने करायची.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत, फक्त ती कोणी जोडून पाहत नाही. एस.टी.चा प्रवास घ्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील कोणालाही मोफत, ६५ ते ७५ अर्धे तिकीट. कंडक्टर आधार कार्डावरचे वय पाहतो आणि पुढे सरकतो. माझे वडील पेन्शनर असून ऐटीत फुकट जातात. मला ते पूर्वी खटकायचे. पण एकदा त्यांच्याबरोबर परतूरला जाताना पाहिले, त्यांच्या बाजूच्या बाकावर फाटक्या धोतरातला एक म्हातारा तपासणीसाठी जालन्याहून परत चालला होता, आणि कंडक्टर दोघांशी एकाच आवाजात बोलत होता. त्याला कुणी "दाखला आहे का, गरीब आहेस का" असे विचारले नाही. विचारले असते तर तो त्या गाडीत नसता आणि मला वाटते तपासणीलाही गेला नसता.

दुसरे उदाहरण आमच्या क्षेत्रातले. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न काहीही असो, पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे कार्ड मिळते. महात्मा फुले योजनाही २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य आहेत. उत्तम. पण एकत्र ठेवून पाहा. म्हातारी गारठून, न्यूमोनिया होऊन खाटेवर पडली की सरकार उत्पन्न न विचारता लाखांपर्यंत खर्च करायला तयार आहे. ती खाटेवर पडू नये म्हणून महिना १५०० द्यायचे तर तिने आधी सिद्ध करायचे की तिच्या घरातला माणूस दिवसाला दहा रुपयांच्या आत जगतो! डॉक्टर म्हणून मला हे उलटे दिसते. आठ दिवसांच्या भरतीचा खर्च आणि एका हिवाळ्याच्या पांघरुणाचा, दुधाचा, औषधाचा खर्च यांची तुलना कोणीही करावी.

म्हणून माझे मत असे आहे. ६५ वर्षांवरील माणसाला मदत वयावर द्यावी. गाळणी हवीच असेल तर ती उलटी लावावी. कोणाला द्यायचे याची यादी करण्याऐवजी कोणाला द्यायचे नाही याची करावी. जो आयकर भरतो आणि ज्याला सरकारी पेन्शन मिळते, त्यांची नावे सरकारच्या संगणकात आधीच आहेत. तेवढी वजा करावीत. माझे वडील त्यात गळतील, आणि साठी-पासष्टी झाली की मीही गळेन. आमची तक्रार नाही. बाकीच्यांना रेशनकार्ड आणि आधारवरचे वय एवढे पुरे. आणि मराठवाड्यासारख्या भागात नोव्हेंबरची रक्कम थोडी वाढवून, थंडी सुरू व्हायच्या आत द्यावी. अनेकदा अनुदान दोन-दोन महिने थकते. थंडीचे पैसे होळीला मिळाले तर त्यांचा काय उपयोग?

यात दोष नाही असे मी म्हणत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे मोसंबीचा मोठा बागायतदार या गाळणीतून आरामात आत येईल. खर्च वाढेल, तो लहानसहान नसेल, आणि दुसरे काहीतरी कमी करावे लागेल. मला विचाराल तर बागायतदाराच्या आईला १५०० रुपये गेलेले परवडले, तांड्यावरच्या बाईचे राहिलेले परवडत नाहीत. पहिली चूक पैशाची आहे. दुसरी चूक मी स्टेथोस्कोपने ऐकतो. आणि बागायतदाराच्या आईच्या हातात तरी रोख पैसा असतो का, हेही एकदा तिलाच विचारून पाहा.

राहिले ब्लँकेट वाटप. दर थंडीत मंडळे, पुढारी, क्लब ब्लँकेट वाटतात, त्यांचे हेतू चांगले असतात. पण रांगेत उभे राहून, फोटोसाठी मान वर करून पांघरूण घ्यायला किती म्हातारे येतात? येतात ते बाजारपेठेजवळचे. वाडी-तांड्यावर गाडी जात नाही. या वर्षी एखाद्या मंडळाने ऊसतोडीला गेलेल्या घरांची यादी अंगणवाडी सेविकेकडून किंवा आशाताईंकडून घेऊन घरपोच द्यावे. फोटो नाही निघाला तरी चालेल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, थंडी मात्र याच आठवड्यात आहे. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी थोडे. रात्री डोक्याला टोपी किंवा रुमाल आणि पायात मोजे. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणे एकावर एक बरी. पत्र्याखाली जमिनीवर झोपत असाल तर अंगावर घालण्याइतकेच अंगाखाली घाला, पोते आणि त्यावर वाकळ. पहाटेची गार आंघोळ देवासाठीसुद्धा नको, ऊन वर आल्यावर करा. रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून थंडीत बंद करू नका. याच दिवसांत ती जास्त लागते. दम्याच्या रुग्णांनी पंप संपण्याच्या आठ दिवस आधी नवा आणून ठेवावा. घरातले म्हातारे माणूस सकाळी नेहमीपेक्षा सुस्त वाटले, बोलणे जड वाटले, तर हात नव्हे, पोट चाचपून पाहा. पोट गार लागले तर झोपू देऊ नका, पांघरुणात गुंडाळून लगेच दवाखान्यात आणा. बिडी आणि दारूने ऊब येते हा समज खोटा आहे. दारूने कातडी गरम लागते आणि आतली ऊब निघून जाते.

आणि शेगडी किंवा घमेल्यातले निखारे दार बंद करून खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो आणि माणूस झोपेतच जातो. शेकायचे तर बाहेर शेका.

त्या आजींचा अर्ज पुन्हा केला आहे. लेकाने उचल ही फेडायची रक्कम आहे असे लिहून दिले आणि मुकादमाच्या वहीची झेरॉक्स जोडली. हे लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. कागदपत्रांत ज्यांना अडचण आहे त्यांनी आधार कार्ड, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती घेऊन शनिवारी दुपारी दवाखान्यात यावे. माझा कंपाउंडर अर्ज भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.